महारवाड्यातले घर संग्रहालयात कसे न्यावे?

खेड्यातले जुने घर उचलून संग्रहालयात नेता येते, हे अनेकांना खरे वाटणार नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ साली आर्थर हाझेलियस यांनी स्कानसेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले, ते असेच. घराची मापे घ्यायची, खांब-तुळयांवर क्रमांक टाकायचे, घर उसवायचे आणि नव्या जागी त्याच क्रमाने उभारायचे. आपल्या देशातही चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ पासून ‘दक्षिणचित्र’ आहे. व्यापाऱ्याचे, ब्राह्मणआळीतले, विणकराचे, अशी घरे तेथे एकाच आवारात पाहायला मिळतात.

स्कानसेनमध्ये शेतमजुरांची चाळही आहे, हे विशेष. या मजुरांना ‘स्टाटारे’ म्हणत. मजुरीचा मोठा भाग धान्य-दुधाच्या रूपात, करार वर्षाचा. ही पद्धत १९४५ साली संपली. आम्हांला यावरून आपले बलुते आठवले. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. स्वीडनने वेठीचे घर जपले. आपण?

निफाड, सिन्नर, येवल्याकडे रमाई आवास योजनेतून पक्की घरे झाली. झालीच पाहिजेत! पण जुने घर पडते तेव्हा त्याची साधी नोंदही राहत नाही. कचेरीत मोडक्या खुर्चीचीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते. “ते दारिद्र्य कशाला दाखवायचे?” असे आमचेच कार्यकर्ते विचारतात. आम्हांला ते पटत नाही. लाज ज्यांनी गावाबाहेर ठेवले त्यांना वाटावी.

मातीची भिंत लाकडासारखी उसवता येत नाही, हे खरे. चौकट, आढे, जाते, उखळ न्यावे आणि भिंत त्याच मापाने नव्याने घालावी. खरी अडचण वेगळीच आहे. आपले घर पाटलाच्या वाड्याला खेटून उभे केले, तर पाहणाऱ्याला वाटेल, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते! म्हणून घराबरोबर अंतरही न्यावे लागेल.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. तेथील मुक्तिभूमीच्या परिसरात असे एक घर उभे राहावे, असे आम्हांला वाटते. तोवर आपल्या गावात पाडकामाआधी टेप धरा. दारापासून विहीर किती, चावडी किती, देऊळ किती, वहीत लिहा. पाणी कोण वाढत असे, तेही म्हाताऱ्या आयाबायांना विचारून घ्या.