न धावणारा ‘रन’

चेंडू सीमापार टोलवला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याच्या नावावर चार रन लागतात. एरवी एकेका रनसाठी दोघा फलंदाजांना धावावं लागतं. समोरच्या टोकाची रेघ गाठायची आणि बॅट किंवा पाय तिच्यापलीकडे टेकवायचा. या दोन रेघांमधलं अंतर 58 फूट. दुसऱ्या रनच्या घाईत बॅट टेकायच्या आधीच कुणी मागे वळला, तर पंच बोटांची टोकं खांद्याला लावून खूण करतात आणि तो रन धरला जात नाही. म्हणजे धावूनही रन नाही आणि उभ्या उभ्या चार! शब्द जन्मला पायांच्या क्रियेतून आणि होऊन बसला मोजण्याचं एकक. मराठीनेही तेच केलं. चौकार मारणाऱ्याला आपणही ‘चार धावा’ देतो.

या शब्दाची व्याप्ती किती? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीसाठी त्याची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्यात सुमारे नऊ महिने गेले. कोशाच्या जुन्या छापील आवृत्तीत सर्वात लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. अर्थात इतके अर्थ कुणी पाठ करत नाही, इंग्रजही नाहीत. एक अर्थ दुसऱ्यातून फुटत गेला आहे, तो माग काढला की बरंच हाती लागतं.

पहिली पायरी पाण्याची. धावणं आणि वाहणं या दोन कल्पना इंग्रजीच्या पूर्वजांपासूनच शेजारी नांदत आहेत. आजच्या जर्मनमध्ये त्या दोन क्रियापदांत वाटल्या गेल्या आहेत: ‘रेनन’ म्हणजे धावणं, ‘रिनन’ म्हणजे झिरपणं, वाहणं. इंग्रजीत दोन्ही कामं ‘रन’ करतो. त्यामुळे नदी ‘रन’ होते, सर्दीने नाक ‘रन’ होतं, नव्या ओढणीचा रंग धुण्यात सुटला तर तोही ‘रन’च. ‘रन अ बाथ’ म्हणजे नळ सोडून टब भरणं. त्यात घाईघाईची आंघोळ शोधू नये.

मोठी उडी यंत्रांनी मारली. औद्योगिक क्रांतीत माग, इंजिनं, आगगाड्या आल्या आणि या सगळ्यांच्या चालू असण्याला इंग्रजीत ‘रन’ हा शब्द बसला. यंत्र चालवता येतं तसा कारखानाही चालवता येतो. मग दुकान, शाळा, सरकार, काहीही. मला इथली गंमत वेगळीच वाटते. इंग्रज जिथे धावतो, तिथे मराठी माणूस निवांत चालतो. आपली गिरणी चालते, घड्याळ चालतं, खटला वर्षानुवर्षं चालतो, नाटक चाललं तर निर्माता तरतो आणि खानावळ तर कुणीतरी चालवावीच लागते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ चपखल बसतो. तेव्हा वाक्यातला ‘रन’ अडला, तर आधी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावून बघावं, निम्म्या वेळा काम भागतं. संगणकवाल्यांनी मात्र तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ते सरळ ‘प्रोग्रॅम रन केला’ म्हणतात.

निवडणुकीत या शब्दाचा देश कळतो. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. बायकांच्या तलम मोज्यांना सुटलेली उभी चीरही अमेरिकेत ‘रन’ असते, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’.

बँकेवरचा ‘रन’ मात्र गंभीर. बँक बुडणार अशी धास्ती पसरली की ठेवीदार एकदम पैसे काढायला जातात. ठेवींचा मोठा भाग कर्जांत आणि रोख्यांत गुंतलेला असतो, त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी रोकड देणं धडधाकट बँकेलाही जमत नाही. 2007 च्या सप्टेंबरात ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 या एका दिवसात खातेदारांनी 42 अब्ज डॉलर काढायला घेतले, तेही बहुतेक घरबसल्या. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं लागलं. ‘रन’ झाला, धावलं कुणी नाही.

खरी अडचण येते ती ‘रन’ला शेपूट जोडल्यावर. फलंदाज ‘रन आउट’ झाला तर धावचीत, पण साखर ‘रन आउट’ झाली तर ती संपली. ‘रन इन्टू’चे तर तीन रस्ते: गाडी खांबावर आदळते, बाजारात जुना मित्र अचानक भेटतो आणि लग्नाचा खर्च लाखांत जातो. ‘रन ओव्हर’ झालेलं कुत्रं गाडीखाली आलेलं असतं, ‘रन ओव्हर’ झालेली सभा वेळेपेक्षा लांबलेली.

म्हणून कोश उघडताना पहिल्या अर्थापाशी थांबू नका. आधी वाक्यातला कर्ता पाहा: माणूस आहे, पाणी आहे, यंत्र आहे की पैसा. मग ‘रन’च्या पुढचा छोटा शब्द पाहा आणि त्या जोडीचीच नोंद शोधा. चांगल्या कोशांत अशा जोडशब्दांच्या नोंदी मुख्य अर्थांच्या शेवटी, वेगळ्या दिलेल्या असतात.