मोठा छेद न घेता गर्भाशयाची शस्त्रक्रिया

‘पिशवी काढावी लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरातल्या बाईला आजारापेक्षा दुसरीच काळजी लागते: दीड महिना घर कोण सांभाळणार? माझ्या मावशीने याच विचाराने अंगावरून जास्त जाण्याचा त्रास दोन वर्षं सोसला. उज्जैनच्या आपल्या मराठी घरांत अशा मावश्या, काकू असतीलच. ही माहिती त्यांच्यासाठी.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर साधारण पाच ते दहा मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात. आत काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छिद्रातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून बारीक अवजारं. काही वेळा गर्भाशय योनीमार्गातूनच काढता येतं. तेव्हा पोटावर एकही टाका पडत नाही.

मोठी जखम नसल्याने दुखणं आणि रक्तस्राव कमी होतो, जखम पिकण्याची भीतीही कमी. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात आणि दोन-चार आठवड्यांत रोजच्या कामाला लागतात. पोटावरच्या मोठ्या छेदानंतर सहा आठवडे तरी लागतात. भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलणं मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंदच.

पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईचं गर्भाशय मुलीला बसवलं आणि आईच्या शरीरातून ते दुर्बिणीनेच काढलं. दान करणाऱ्या निरोगी बाईला कमीत कमी इजा व्हावी, हे किती मोलाचं!

पण ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीपेक्षा मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जास्त जगल्याचं २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. मूत्रमार्गाला इजा होण्याचा धोकाही थोडा असतो. शिवाय ‘सोपं ऑपरेशन’ म्हणून विनाकारण पिशवी काढू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत काय घडलं, ते २०१९ मध्ये आपण वाचलंच आहे.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. गोळ्या-औषधांनी भागेल का? अंडाशय ठेवता येतील का? माझ्यासाठी दुर्बिणीची किंवा योनीमार्गाची पद्धत चालेल का? अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत? गरज वाटली तर इंदूरला दुसरं मत घ्या, ते जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे. आणि घरच्या मंडळींनो, ‘घर कोण सांभाळणार’ याचं उत्तर तिने विचारण्याआधीच देऊन टाका.