सहाव्या वर्षी येणारी दाढ

साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात सहा-सात वर्षांच्या मुलांचे आईबाबा हमखास विचारतात, "डॉक्टर, दुधाची दाढ किडलीय, पडेलच ना?" मी आरसा धरून दाखवते : ही दुधाची नाही, कायमची आहे. साधारण सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता उगवते. म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

या दाढेच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केसही तिथे नीट शिरत नाही. बिस्किटाचा चिकट लगदा मात्र अडकून बसतो. त्यातल्या साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताचं कवच विरघळू लागतं.

यावर उपाय सीलंटचा. दाढ स्वच्छ करून तिच्यावर काही सेकंद फॉस्फोरिक आम्लाची जेल लावायची, धुऊन कोरडी करायची, खाचांत पातळ रेझिन भरायचं आणि निळ्या प्रकाशाने ते कडक करायचं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करण्याची पद्धत मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या मते सीलंटमुळे दोन वर्षं दाढांमधली ८० टक्के कीड टळते.

दोन दातांमधल्या फटींना मात्र सीलंट वाचवत नाही. तिथे फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचा ब्रश हवाच.

मुलाला सहावं लागलं की सर्वांत मागची दाढ बघा; बाराव्या वर्षी तिच्यामागे दुसरी कायमची दाढ येते, तेव्हा पुन्हा बघा. दाढ उगवताच मुलाला दंतवैद्याकडे न्या, किडायची वाट पाहू नका.