पण कशाच्या जागी?

"मोबाइलनं पोरं वाया घालवली" आणि "आता मास्तर कशाला हवेत, सगळं यूट्यूबवर आहे" ही दोन वाक्यं ऐकायला दोन टोकांची वाटतात, पण त्यांची घडण एकच आहे. दोन्हींत जे काही करतंय ते यंत्र करतंय. मूल त्याच्यासमोर नुसतं बसलेलं आहे. आणि दोन्हींत एक प्रश्न गाळलेला आहे. मोबाइल आला तो कशाच्या जागी? शिक्षकाच्या, गृहपाठाच्या, गल्लीतल्या क्रिकेटच्या, की मुळात काहीच नव्हतं त्या पोकळीत? पंगतीत, लोकलच्या डब्यात, पालकसभा संपल्यावर फाटकाशी जमलेल्या घोळक्यात शिक्षण आणि तंत्रज्ञान यांवर जी मतं सहज फेकली जातात, त्यांना नावं ठेवण्याचा हा उद्योग नाही. सहज बोललेलं मत खोटंच असतं असं कुणी म्हणू नये. पुष्कळदा त्यात वर्षानुवर्षांचं निरीक्षण असतं. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ते मत बरोबरही ठरत नाही आणि चूकही ठरत नाही, आणि उत्तर बदललं की तेच यंत्र नेमका उलटा परिणाम करतं.

हे तर्कटाचं बोलणं नाही, याचा सरळ पुरावा गुजरातेत सापडतो. ज्ञानशाला नावाची एक स्वयंसेवी संस्था तिथं गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी कमी खर्चात, पण काटेकोर आखणीचे वर्ग चालवते. तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना संगणकावर गणित शिकवण्याचा प्रयोग झाला आणि अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास 2008 मध्ये मांडला. प्रयोग दोन तऱ्हांनी केला होता. काही शाळांत संगणकाचा तास रोजच्या वर्गातल्याच वेळातून काढला. काही शाळांत तोच तास शाळेच्या वेळेबाहेर ठेवला. मुलं त्याच थरातली, शिकवायचं तेच गणित. वर्गातला वेळ खाऊन संगणक आला तिथं मुलं मागे पडली, एरवी जेवढं शिकली असती त्याहून कमी शिकली. शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी तो जोड म्हणून मिळाला तिथं फायदा झाला, आणि तो विशेषतः कच्च्या मुलांना झाला. आता यावरून "संगणकानं शिक्षण सुधारतं का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? पहिल्या शाळेतला पालक म्हणेल खेळणं आहे, दुसरीतला म्हणेल वरदान. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं असेल. पहिल्या ठिकाणी संगणकानं जी जागा घेतली ती बऱ्यापैकी चांगल्या शिकवण्याची होती, एवढाच काय तो फरक.

गुजरातेतल्याच वडोदऱ्यात याच्याशी ताडून पाहण्यासारखं आणखी एक उदाहरण आहे. तिथल्या महापालिका शाळांना संगणक मिळाले होते, पण अनेक ठिकाणी ते पडूनच होते. 'प्रथम' या संस्थेनं ते वापरात आणले. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एकेका संगणकावर दोघं दोघं बसून, गणिताचे खेळ. दोन वर्षांत गणितात चांगली वाढ दिसली. त्याच सुमारास वडोदरा आणि मुंबईत 'प्रथम'चा दुसरा उपक्रम चालू होता, 'बालसखी'. वस्तीतलीच शिकलेली एखादी तरुणी मागे राहिलेल्या मुलांना वर्गातून बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास वाचन आणि आकडेमोड पक्की करून घ्यायची. मानधन महिन्याला हजार रुपयांच्याही आत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला. गणितातली वाढ संगणकाकडे जास्त दिसली, पण दर मुलामागचा खर्च बालसखीपेक्षा कितीतरी पट होता. म्हणजे त्याच रुपयात बालसखी जास्त शिकवून जात होती. "संगणक आणल्यानं मुलं पुढे गेली" हे वाक्य इथं शंभर टक्के खरं आहे आणि तरी शाळेचा पैसा कुठं घालावा हे ठरवायला ते निरुपयोगी आहे, कारण त्याच पैशात दुसरं काय आलं असतं हे त्यात नाही. (दोन्ही उपक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. शिक्षणाच्या चर्चेत ओसरलेल्या गोष्टी फारशा कुणी सांगत नाही.)

यंत्र सरसकट वाटून टाकलं की काय होतं, हे पेरूनं पाहिलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी 2005 मध्ये 'दर मुलामागे एक लॅपटॉप' ही मोहीम जाहीर केली. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप, हे तिचं स्वप्न. भारत सरकारनं 2006 मध्ये नकार दिला. पुढच्या वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत त्या लॅपटॉपचा नमुनादाखल प्रयोग सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपभोवती जमलेली मुलं बघून कुणाचंही मन हरखेल. पण अशा एका शाळेवरून "चालतं" किंवा "चालत नाही" यातलं काहीच सिद्ध होत नाही, कारण तुलनेला दुसरी शाळा नसते. त्याच मोहिमेतले लॅपटॉप वाटलेल्या पेरूमध्ये तुलना होती. ग्रामीण भागातल्या 319 शाळांचा अभ्यास झाला, त्यांपैकी काहींना लॅपटॉप मिळाले होते, काहींना नाही. सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत दोन्हींकडच्या मुलांत फरक आढळला नाही. लॅपटॉप शिक्षकाच्या जागी आला नव्हता, वाईट शिकवण्याच्या जागीही आला नव्हता. तो रोजच्या शिकवण्याशेजारी येऊन बसला, आणि त्याचं करायचं काय हे वर्गात फारसं कुणी ठरवलेलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, परीक्षेतले गुण म्हणजे शिक्षण नव्हे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पेरूची मुलं संगणक हाताळायला शिकली, आणि खेड्यातल्या मुलाला की-बोर्डची भीती न वाटणं ही कमाई कमी मानू नये. पण मग तसंच म्हणावं. "लॅपटॉपनं मुलं संगणक शिकली" हे विधान तपासता येतं, त्याची किंमत काढता येते, आणि त्याच पैशात शाळेत एक चांगली संगणक-खोली झाली असती का, हेही विचारता येतं. "तंत्रज्ञानानं मुलांचं क्षितिज विस्तारतं" याला काही विचारताच येत नाही. अशा वाक्यांपुढे मान डोलावण्यापलीकडे ऐकणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सामान्य माणसानं बोलण्याआधी अभ्यास वाचावेत की काय? आणि अभ्यास तरी एकमुखानं कुठं बोलतात? खरंच आहे. लॅपटॉपवर टिपणं काढण्यापेक्षा हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, असा एक अमेरिकी अभ्यास 2014 मध्ये गाजला. पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम तितका ठळक उरला नाही. शाळेत मोबाइलबंदी केल्यावर इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांत गुण थोडे वाढले, आणि सर्वांत कच्च्या मुलांचे अधिक, असं एका अभ्यासात दिसलं. स्वीडनमध्ये तशाच पद्धतीनं पाहिलं तर काहीच फरक नव्हता. तेव्हा "संशोधनानं सिद्ध झालंय" असं म्हणून कुणी बोलणाऱ्याचं तोंड बंद करू लागला तर त्याच्याकडेही संशयानंच पाहावं. मात्र "कशाच्या जागी?" हे विचारायला एकही शोधनिबंध वाचावा लागत नाही. शेतकरी नवं बियाणं घेताना तो प्रश्न विचारतोच, गृहिणी मिक्सर घेताना विचारते. शाळेची गोष्ट निघाली की मात्र तो जिभेवर येत नाही. याचं एक कारण मानसशास्त्रात सापडतं. रोझेनब्लिट आणि काइल या दोन संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं, की चेन, कुलूप, संडासाची टाकी अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे असं लोकांना वाटतं. पायरी-पायरीनं सांगायला लावलं की तो भरवसा उतरतो. शाळेत तर आपण प्रत्येकजण दहा-बारा वर्षं बसलेलो असतो. मूल कसं शिकतं हे आपल्याला माहीतच आहे, हा समज टाकीच्या समजापेक्षा कितीतरी घट्ट असणार.

शिवाय प्रत्यक्ष अनुभव हा पुरावा असला तरी त्यावर एका विशिष्ट काळाचा शिक्का असतो. आपल्याकडच्या अनेक पालकांचं शिक्षणातल्या मोबाइलबद्दलचं मत 2020 आणि 2021 च्या टाळेबंदीत घट्ट झालं. तेव्हा मोबाइल आला होता तो अख्ख्या शाळेच्या जागी. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या 2021 च्या पाहणीत दोन-तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण त्यातल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हातात तो येतच नव्हता. अशा काळात "मोबाइलवर शिक्षण होत नाही" हा निष्कर्ष काढणारा पालक चुकला असं कोण म्हणेल? आणि ज्या घरी मोबाइल नसता तर काहीच नसतं, तिथल्या आईनं "तेवढं तरी झालं" म्हटलं तर तीही चुकली नाही. घोटाळा पुढे झाला. शाळा उघडल्या, मोबाइलची जागा बदलली, पण मतं तीच राहिली. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. या आकड्यांवर "बघा, वाया गेली" म्हणणं सोपं आहे. समाजमाध्यमांत गेलेला वेळ एरवी अभ्यासाचा होता, खेळाचा होता की झोपेचा, हे मात्र आकडे सांगत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जे बोललं जातंय त्यालाही हेच लागू आहे, आणि इथं पुरावा चकित करणारा आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखं साधन दिलं गेलं, एका गटाला साधं आणि दुसऱ्याला उत्तर न देता फक्त इशारे देणारं. सराव करताना दोन्ही गटांची गाडी जोरात पळाली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधं साधन वापरलेली मुलं, ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. पहिल्या गटात यंत्र मुलाच्या स्वतःच्या डोकेफोडीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्यात, उत्तर सांगायचं टाळून बाकावर शेजारी बसणाऱ्या शहाण्या मित्राच्या जागी. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर दोघंही "एआय वापरून अभ्यास" हेच करत होती.

महाराष्ट्रात क्यूआर कोडच्या बाबतीतही तो कशाच्या जागी आला ही गोष्ट बोलण्यातून अशीच निसटली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, आणि चर्चा झाली ती पुस्तकात छापलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाची. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या घरी कन्नड बोलली जायची आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले आधी कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी मुलांना उमजतील अशी नव्यानं घडवली, आणि त्या पानांवर तो चौकोन आला. तो स्कॅन केला की आतून कविता, गोष्ट आणि धडा कन्नडमध्ये ऐकू यायचा.