पस्तीस दिवसांनंतरची संध्याकाळ

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो, त्या दिवशी घरात सण असतो. गोडधोड होते, देवापुढे नारळ फुटतो, सासर-माहेरच्या नातेवाइकांना फोन जातात. ‘सुटली एकदाची!’ असे म्हणून घरचे नि:श्वास टाकतात. तीन-चार दिवसांनी, साधारण साडेसहाच्या सुमारास, हाच माणूस गॅलरीत येऊन उभा राहतो आणि आता काय करायचे, हे त्याला कळेनासे होते. गेली पंधरा वर्षे ही वेळ ठरलेली होती. ठरलेला रस्ता, ठरलेले टेबल, ठरलेली माणसे. दारू ही त्याच्या दिवसाची रचनाच होती. ती काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीचे काय करायचे, हा व्यसनमुक्तीतील खरा प्रश्न असून त्याची फारशी चर्चा होत नाही.

दारू शरीरातून बाहेर पडण्याचे काम तुलनेने लवकर आटोपते. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली, की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, स्थळकाळाचे भान सुटणे असे प्रकार घडू शकतात आणि उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतू शकतात. म्हणून ‘उद्यापासून बंद’ ही घरगुती प्रतिज्ञा कितीही प्रामाणिक असली, तरी जुन्या मद्यपीने ती डॉक्टरांना विचारूनच करावी. हा टप्पा औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या साह्याने आठवडा-दीड आठवड्यात पार पडतो. मेंदूला मात्र इतकी घाई नसते. दारूने मिळणाऱ्या तीव्र सुखाला सरावलेल्या मेंदूला साधी सुखे, म्हणजे जेवणाची चव, गाणे, मुलांशी गप्पा, कित्येक महिने फिकी वाटतात. झोपही नीट लागत नाही. ‘दारू सोडूनही मला बरे का वाटत नाही?’ ही तक्रार त्यामुळे खोटी नसते.

अनिता आणि अनिल अवचट या दाम्पत्याने पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साह्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचे. योगासने, समुपदेशन, गटचर्चा, श्रमदान असा तेथील दिवस आखलेला असतो. ही आखणीच अर्धे औषध आहे आणि घरी परतल्यावर नेमकी तीच हरवते. म्हणून पाठपुराव्याला येत राहण्याचा आग्रह धरला जातो. पण ‘आता बरा आहे, कशाला जायचे?’ असे म्हणून पुष्कळ जण तो टाळतात.

अशाच एका रिकाम्या वेळेतून जगातील सर्वांत मोठी स्वमदत चळवळ जन्मली. १९३५ साली बिल विल्सन हा शेअर बाजारातील माणूस अमेरिकेतील अॅक्रन गावी कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला, खिसा रिकामा झाला आणि तो हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटाच उभा होता. एका बाजूने बारमधील हास्यविनोद कानी येत होते. त्याने टेलिफोन गाठला, चर्चमध्ये फोन लावले आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची भेट झाली आणि ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा पाया घातला गेला. तिच्या सभा आज मराठीतूनही भरतात. तिथे उपदेश कोणी करत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ प्यायची नाही, एवढेच मागणे असते.

घरातला प्रश्न याहून नाजूक. तो उशिरा आला, की पत्नी नकळत तोंडाचा वास घेते, खिसे चाचपते. त्याला अपमान वाटतो. पण शंभर वेळा मोडलेली शपथ ती महिनाभरात कशी विसरेल? शिवाय इतकी वर्षे पगार, बँक, मुलांच्या शाळा हे सारे तिने एकटीने सांभाळलेले असते. शुद्धीवर आलेला नवरा एकदम कर्तेपण मागू लागतो आणि खटके उडतात. पैशांचे व्यवहार काही महिने तिच्याकडेच राहू द्यावेत. विश्वास मागून मिळत नाही, हे पुरुषाने गिळावे लागते.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींनी भिंती रंगलेल्या असतात (वृत्तपत्रांचे छोट्या जाहिरातींचे रकानेही त्याला अपवाद नाहीत). अशी पूड आमटीत मिसळणे टाळावे. डायसल्फिराम हे अधिकृत औषध घेतलेल्याने दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्याला ते प्राणघातक ठरू शकते. रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची देखरेख असेल, तरच त्याचा उपयोग.

आणि घसरण? ती अनेकांच्या वाट्याला येते. तिची सुरुवात पेल्याच्या बरीच आधी झालेली असते. सभा चुकू लागतात, चिडचिड वाढते, जुन्या मित्राच्या वाढदिवसाला ‘नुसते बसायला’ जाणे होते. घसरलेल्याला त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे न्यावे; ‘सगळे पाण्यात गेले’ म्हणून दार लावून घेतले, तर एका रात्रीची घसरण वर्षाची होते. गर्द सोडलेल्यांच्या बाबतीत तर धोका जिवाचा आहे. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस पुन्हा घेतला, तर श्वास बंद पडू शकतो.

केंद्र सरकारच्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणताही उपचार मिळाला होता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींना आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. तेव्हा केंद्र निवडताना तेथे मनोविकारतज्ज्ञ येतात का, नातेवाइकांना भेटू देतात का आणि सुटीनंतर पाठपुरावा होतो का, हे जरूर विचारावे. मारहाण किंवा डांबून ठेवण्याला उपचार म्हणत नाहीत. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करता येतो. रुग्ण तयार नसला, तरी घरच्यांनी केलेला चालतो.