माणूस शोधण्याआधी मागणीपत्र

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत भरती बऱ्याचदा तोंडीच होते: "ऑपरेटर असेल तर पाठव." माझं ठाम मत आहे, नऊ-दहा जणांच्या कारखान्यालाही एकपानी मागणीपत्र हवंच. जागा का हवी, काम काय, पगार किती, मंजुरी कोणाची, एवढंच. "सीएनसी ऑपरेटर, 1 जागा, रात्रपाळी, ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे" असं लिहायला बसलं की कधीकधी लक्षात येतं, माणूस कमी नाही, पाळ्यांची वाटणी चुकली आहे. खर्चही आधीच दिसतो. दहावा माणूस आला की ईएसआय लागू होतं आणि 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकामागे मालकाला 3.25 टक्के भरावे लागतात. म्हणजे आधीच्या नऊ जणांचेही. विसाव्याला पीएफ.

"ओळखीतून चांगली माणसं मिळतात, कागद कशाला?" ओळखीतून जरूर घ्या, पण त्या ओळखीच्याला नेमकं सांगणार काय? विरारहून येणाऱ्याला रात्रपाळी आधीच कळली, तर तो शेवटच्या लोकलचा हिशोब करूनच होकार देईल. "आमच्याकडे सगळे सगळंच करतात" हेही खरं. मग पॅकिंग आणि डिलिव्हरीही करावी लागेल, हे त्याच कागदावर लिहा.