शंभर मायक्रोसेकंदांची मुदत

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याचा पट्टा धानाचा. उन्हाळी धानाच्या बांध्यांत पाणी टिकवायचे तर पंप रोज चालायला हवा. राज्याने २०२४मध्ये आणलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत खर्चाच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के भरले की ३ ते ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. बोलणे होते ते पॅनेलचे आणि मोटरीचे; मधल्या कंट्रोलरचे क्वचितच. मोटरीचे आयुष्य मात्र बरेचसे त्यातल्या चिपच्या वेळेच्या शिस्तीवर अवलंबून असते. ही शिस्त महत्त्वावर नव्हे, मुदतीवर बेतायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

तीन फेजच्या एसी मोटरीचा पंप घेऊ. विहीर आटली की मोटर कोरडी चालू नये, ही शेतकऱ्याची सगळ्यात मोठी काळजी. पण ते ओळखायला काही सेकंद चालतात. ढग आला की फ्रिक्वेन्सी उतरवायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. व्होल्टेजची लाट घडवणारा इंटरप्ट, म्हणजे चिपला हातातले काम सोडून लगेच धावायला लावणारी हाक, मात्र १० किलोहर्ट्झला दर १०० मायक्रोसेकंदांनी येतो आणि त्याला थांबवता येत नाही. शॉर्ट सर्किट झाले तर मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा आयजीबीटी हा स्विच जेमतेम १० मायक्रोसेकंद तग धरतो. म्हणून तो तत्काळ बंद करण्याचे काम प्रोग्रॅमकडे ठेवूच नये. कम्पॅरेटरची तार थेट टायमरच्या ‘ब्रेक’ पिनला जावी.

आता याच चिपकडे दूरनियंत्रणासाठी माहिती पाठवायचेही काम असते. ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. कोणी इंटरप्टमध्येच थांबून ४० अक्षरे पाठवली, तर ४० मिलिसेकंद, म्हणजे लाटेचे ४०० टप्पे, हुकतात. टायमर जुनाच आकडा पुढे रेटत राहतो. ५० हर्ट्झच्या दोन पूर्ण आवर्तनांइतका वेळ गुंडाळीला जणू डीसी मिळतो, करंट उसळतो आणि फिरत्या रोटरला ब्रेक लागतो.

चिप वेगवान घ्या, असे यावर सांगितले जाते. पण ७२ मेगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-एम३ला इंटरप्टमध्ये शिरायला १२ क्लॉक, म्हणजे पाव मायक्रोसेकंदही लागत नाही. खोळंबा तिथे नाहीच. आणि क्लॉक दुप्पट केला तरी ९६०० बॉड तेवढाच राहतो. मोटरीच्या इंटरप्टला वरची प्रायॉरिटी द्या, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि ती द्यावीच. तरीही प्रश्न पुरता मिटत नाही. आठ बिटांच्या चिपवर दोन बाइटांतला आकडा दोन खेपांत लिहिला जातो; २५५चा २५६ होत असताना मधेच वाचन झाले तर ५११ हाती येऊ शकतो. ते टाळायला कोणी इंटरप्ट बंद ठेवतो, आणि तो बंद काळ लांबला की प्रायॉरिटीचा उपयोग संपतो. त्यापेक्षा नवे आकडे बाजूला तयार ठेवून टप्प्याच्या सीमेवर एकदम बदलणे बरे; टायमरमधली शॅडो रजिस्टरे त्यासाठीच असतात. अक्षरे बफरमध्ये टाकून पुढे सरकावे.

तपासणीही सोपी आहे. इंटरप्टच्या सुरुवातीला एक पिन वर, शेवटी खाली करायची आणि ऑसिलोस्कोपवर सरासरी न पाहता सगळ्यात लांब पल्स पाहायचा. तोही माहिती जात असताना, पॅनेलवर सावली पाडून. सौरपंपाची पारख दिवसाला किती लिटर पाणी, यावर होते. त्याच अहवालात या लांब पल्सचाही आकडा मागितला पाहिजे.